तिसऱ्या भागातला घड्याळजी

ते एकोणीसशे एकोणऐंशी साल. त्या वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये नवा पंखा बसला, टेलिफोन एक्स्चेंजच्या जिन्याखाली मांजरीला पाच पिल्लं झाली आणि बाइंडरबाईंचा चष्मा फुटला. पंखा आणि पिल्लं लोक केव्हाच विसरले. चष्म्याची गोष्ट मात्र अजून निघते, आणि निघाली की सांगणारा आधी पोटभर हसून घेतो, मग सांगायला लागतो.

बाइंडरबाई म्हणजे वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या. नवरा गेल्यावर त्याचा धंदा त्यांनी हातात घेतला होता. मागच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, खिडकीत दाभणं आणि मेण लावलेला दोरा, चुलीवर खळीचं पातेलं. घरात त्या आणि त्यांची थोरली जाऊ, दोघीच. जाऊबाईंना वाचनाचा गंध नव्हता, पण कुठल्याही पुस्तकाबद्दल त्यांचं मत तयार असे.

दर शनिवारी पाच वाजता वाचनालयात वाचक मंडळ भरायचं. माणसं पाच. ग्रंथपाल, ज्यांना सगळे मागून शांतताराव म्हणत, कारण बायको शिंकली तरी ते घरात ‘शूऽऽ’ करत असत असा प्रवाद होता. गणिताचे निवृत्त मास्तर. शिंपीदादा. टेलिफोन ऑपरेटर असलेली एक तरतरीत मुलगी, तिला सगळे टेलिफोनताई म्हणत. आणि पाचव्या बाइंडरबाई. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि वर्षभरात एक वाक्य बोलल्या होत्या.

पण ते वाक्य असं होतं की मंडळ त्याच्यावरच चाललं होतं. झालं होतं काय, तर वाचनालयात प्रत्येक कादंबरीची प्रत एकच. पाचव्याचं वाचून होईपर्यंत पहिल्याला नायिकेचं लग्न झालं होतं की नाही हेही आठवायचं नाही. सगळे कपाळाला हात लावून बसले असताना दाराजवळून आवाज आला, “उसवू या का?”

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं शिवलेलं असतं. टाके सोडले की फर्मे सुटे होतात. बाइंडरबाईंनी कादंबरीचे पाच भाग करायचे, प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर घालायचं, पाच जणांना एकेक द्यायचा आणि दर दोन आठवड्यांनी फिरवायचा. शेवटी पाचही भाग पुन्हा शिवून पुस्तक जसं होतं तसं कपाटात. शांतताराव आधी पांढरे पडले. मग म्हणाले, “बाई, तुमच्या शब्दावर. पण एक पान इकडचं तिकडे झालं, तर त्या दिवशी मंडळ बंद. कायमचं.”

या पद्धतीत एक गंमत होती. पहिला भाग पहिल्यांदा मिळायचा तो एकालाच. बाकीचे मधूनच कुठूनतरी सुरू करायचे. कुणाला सासू मेलेली भेटायची आणि महिन्याभराने ती जिवंत होऊन सुनेला टोमणे मारायची. म्हणून नियम केला होता: पुढचं सांगायचं नाही, मागचं विचारायचं नाही. आपल्याला कळलं नाही, तर ते दुसऱ्याच्या भागात असणार असं समजून चालायचं.

त्या वर्षी मंडळाने निवडली एका नामांकित लेखिकेची कादंबरी. दोन बहिणी, म्हातारी आई आणि विकायला काढलेलं घर. लेखिकेला पत्र गेलं, आणि काय आश्चर्य, उलट टपाली ‘येते’ म्हणून उत्तर आलं. तीन महिन्यांनंतरचा शनिवार ठरला. मंडळाला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

चष्मा फुटला तो नेमका कादंबरी उसवायच्या आठवड्यात. जाऊबाई त्याच्यावर बसल्या. “तू तो पाटावर ठेवलासच कशाला?” असं वर त्यांनीच विचारलं. नवी काच यायला आठ दिवस लागणार होते, पण बाइंडरबाईंना चष्म्याची काय मातब्बरी! हात आपोआप चालायचे. त्याच आठवड्यात वाचनालयातून एक गुप्तहेरकथाही आली होती, तिचे टाके ढिले झाले होते म्हणून. तीही उसवली. दोन्ही एकाच छापखान्याची, एकाच मापाची, एकाच टायपातली.

कादंबरीचं काय झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाच भाग फिरले. सगळ्यांनी सगळे वाचले. तिसऱ्या भागाशी प्रत्येकजण अडखळला आणि प्रत्येकाने मनाशी म्हटलं, असेल दुसऱ्या भागात काहीतरी.

दुसऱ्या भागाच्या शेवटी, शहाण्णवाव्या पानावर, थोरली बहीण दार ढकलते. ‘आणि आत’ इथे पान संपतं. तिसरा भाग उघडावा तर, ‘घड्याळजी पालथा पडलेला होता.’ त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं सव्वासातावर थांबलेली. मग एक निरीक्षक येतो. त्याला भयंकर सर्दी. तो शिंकत शिंकत शेजाऱ्यांना प्रश्न विचारतो. भागाच्या शेवटच्या ओळीत तो रुमाल काढतो ‘आणि एवढ्या’. चौथ्या भागाची पहिली ओळ: ‘मोठ्याने दार आपटून धाकटी निघून गेली.’ त्यानंतर घड्याळजी नाही की निरीक्षक नाही. दोघी बहिणी घराच्या व्यवहाराचं बोलतात. घरात मुडदा पडला होता, त्याचं कुणाला काही नाही.

पाची भाग वाचून झाल्यावर पहिल्या बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहत होते. ‘मला कळलं नाही’ हे आधी कुणी म्हणायचं? तेवढ्यात मास्तर उठले.

“घड्याळजी,” ते म्हणाले आणि थांबले, “म्हणजे काळ.”

सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

“त्या घरातला काळ मेला आहे,” मास्तर पुढे म्हणाले. “निरीक्षक म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी. तिला सर्दी झालेली आहे.”

“वा!” शिंपीदादा म्हणाले. “मला आपलं वाटलं, घड्याळजी हा आईचा जुना कुणीतरी असेल. लग्नाआधीचा.”

“आणि चौथ्या भागात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय असं एक वाक्य आहे,” टेलिफोनताई खुर्चीतून उडालीच. “धागा जोडलाय त्यांनी! सरळ सांगितलं नाही, पण जोडलाय!”

शांततारावांनी मंडळाच्या वहीत आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘तिसरा भाग संपूर्ण कादंबरीचा प्राण आहे, यावर एकमत.’

 बाइंडरबाईंना काळबीळ काही दिसला नव्हता. त्यांना तो निरीक्षक आवडला होता. एवढा शिंकतो बिचारा, आणि अठ्ठेचाळीस पानांत कुणी त्याला साधं गरम पाणी विचारत नाही. प्रत्येकाने लेखिकेला एक प्रश्न विचारायचा असं ठरलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात आपला प्रश्न ठरवला: त्याची सर्दी बरी झाली का? गेले आठ दिवस तो प्रश्न त्या खळ ढवळताना पुटपुटत होत्या. भर सभेत त्या पहिल्यांदाच बोलणार होत्या.

लेखिका यायचा शनिवार उजाडला. बाइंडरबाई सकाळीच कादंबरी शिवायला बसल्या. आज त्या प्रतीवर लेखिकेची सही घ्यायची होती. नवा चष्मा नाकावर होता. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात, फर्म्याचा आकडा आणि पुस्तकाचं आद्याक्षर असतं. बाइंडरसाठीच असतं ते. वाचक तिकडे बघत नाही. सातवा फर्मा. आकडा बरोबर. आद्याक्षर...

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. आठवा बघितला, नववा बघितला. तिन्ही फर्मे गुप्तहेरकथेचे होते.

“जाऊबाई,” त्या म्हणाल्या, “घड्याळजी आपला नाही.”

“कोण घड्याळजी? काय घेऊन गेला?”

सगळं ऐकून जाऊबाई हसत सुटल्या. मग त्यांना बाइंडरबाईंचा चेहरा दिसला. “अगं, त्यात काय? बदल फर्मे, शीव, आणि गप्प बस. कुणाला कळणारे?”

“चौघं त्यांना घड्याळजीबद्दलच विचारणार आहेत! मास्तरांनी वही भरलीय. भर सभेत हसं होईल त्यांचं.”

“मग खरं सांग.”

“सांगितलं तर शांतताराव मंडळ बंद करतील. आणि ते बंद झालं तर शनिवारी मी काय करू? तुमच्याशी गप्पा मारू?”

“तेवढी वाईट वेळ अजून आलेली नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “आधी ती दुसरी पानं तर शोध.”

कादंबरीचा खरा तिसरा भाग गुप्तहेरकथेत शिवला गेला होता हे उघड होतं. ती तीन महिन्यांत नऊ जणांनी वाचून परत केली होती, आणि नवांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती. आता ती दहाव्याकडे होती. दहावा म्हणजे चौकातला सलूनवाला. बाइंडरबाई पोचल्या तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून, वस्तरा बाजूला ठेवून पुस्तक वाचत होता.

“द्या ते इकडे. चुकून चुकीचं बांधलंय.”

“आत्ता? आत्ता नाही देणार!” सलूनवाला पुस्तक छातीशी धरून म्हणाला. “रंगात आलंय. हवालदार दार ढकलतो, तर आत एक म्हातारी जुनी पत्रं फाडत बसलेली! मी तिथेच ओळखलं. पुरावा नष्ट करतेय.”

“तिने काही केलेलं नाही हो.”

“मग तिच्या थोरल्या मुलीने केलंय. बघा ना, ती पत्रं हिसकावून घेते. तिचं लक्षण मला पहिल्यापासून बरं दिसत नाही.”

“धाकटी,” फेसातून गिऱ्हाईक म्हणालं. “शांत असतात त्याच करतात.”

दोन्ही पुस्तकांत शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी कुणीतरी दार ढकलत होतं. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना दारं फार लागतात. बाइंडरबाईंनी तपकिरी कव्हरातला भाग सलूनवाल्याच्या हातात दिला. “तुमचा घड्याळजी यात मेलाय. हे घ्या आणि ते द्या.” त्याने पहिलं पान वाचलं, त्याचे डोळे विस्फारले, आणि पुस्तक सुटलं. गिऱ्हाईक तसंच फेसात राहिलं.

चार वाजता कादंबरी शिवून, दाबून, कोरडी झाली. इतकी सुबक की शांतताराव भिंग घेऊन बसले असते तरी खोट निघाली नसती. ती छातीशी धरून बाइंडरबाई वाचनालयात धावल्या. निदान मास्तरांच्या कानावर घालावं. पण मास्तर कपाटाकडे तोंड करून भाषणाची तालीम करत होते. “मास्तर, तो घड्याळजी...” “बाई, आता मध्ये बोलू नका, क्रम चुकतो.” टेलिफोनताई व्यासपीठावर फुलदाणी सरकवत होती. शिंपीदादा लेखिकेच्या खुर्चीची उशी शिवत होते. आणि शांतताराव? बाइंडरबाईंनी तोंड उघडलं मात्र, ते म्हणाले, “शूऽऽ! आल्या.”

लेखिका साठीच्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात छत्री, बोलणं अगदी घरगुती. हॉल भरला होता. त्या तासभर बोलल्या. घर कसं सुचलं, बहिणी कशा सुचल्या, शेवट तीनदा कसा फाडला. लोक हसत होते, माना डोलवत होते. दाराजवळच्या खुर्चीत बाइंडरबाईंना एक शब्द ऐकू येत नव्हता.

मग प्रश्न. मास्तर उठले. पाच मिनिटं काळ या विषयावर बोलून म्हणाले, “तर बाई, घड्याळजीला मारायचं, हे तुम्ही आधी ठरवलं होतंत की लिहिता लिहिता सुचलं?”

लेखिका हसतमुखाने थांबल्या. “कोणता घड्याळजी?”

मास्तरांना वाटलं, परीक्षा घेताहेत. ते सूचक हसले. “सव्वासातवाला.”

“मी म्हणतो, तो आईचा जुना कुणी होता,” शिंपीदादांनी जागेवरूनच मदत केली.

“आणि सर्दी? ती कशाचं प्रतीक?” टेलिफोनताई म्हणाली.

लेखिकेने मंडळाकडे पाहिलं, मग शांततारावांकडे, मग दाराकडे, म्हणजे वेळ आली तर निघता येईल ना अशा बेताने. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईने वही उघडली, पानं चाळली, आणि ते चाळतच राहिले. चाळीस वर्षं वर्गात एकदाही न चुकलेला माणूस.

ते बाइंडरबाईंना बघवलं नाही. त्या उभ्या राहिल्या.

“घड्याळजी त्यांचा नाही,” त्या म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की त्या स्वतःच दचकल्या. “माझा आहे. माझी चूक झाली. चष्मा नव्हता आणि मी तिसरा भाग दुसऱ्या पुस्तकातला घातला. यांनी जे वाचलं ते बरोबर वाचलं. मीच भलतं दिलं.”

सगळा हॉल वळून दाराकडे बघायला लागला. शांतताराव सावकाश उठले. पण त्यांच्याआधी लेखिका बोलल्या.

“म्हणजे माझा तिसरा भाग या मंडळात कुणीच वाचला नाही?”

“नाही.”

“तो लिहायला मला दोन वर्षं लागली.” त्या खरंच दुखावल्या होत्या. “आणि तो नसूनही कुणाचं काही अडलं नाही?”

“अडलं ना, बाई!” बाइंडरबाई म्हणाल्या. आता तोंड उघडलंच होतं. “अडलं नसतं तर मास्तरांनी वही कशाला भरली असती? घरात माणूस मेलाय आणि दोघी बहिणी त्याचं नावही काढत नाहीत, याची आम्हाला तीन शनिवार टोचणी लागून राहिली होती. तुमच्या बहिणी अशा कोरड्या असतील हे आम्हाला पटेना. त्यांनी असं का केलं असेल, म्हणून तर आम्ही काळापर्यंत जाऊन आलो.”

 लेखिकेचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग लावूनही उपयोग झाला नाही. “सगळं सांगा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पहिल्यापासून. घड्याळजीसकट.”

मंडळाने सांगितलं. पाचही जणांनी, एकमेकांचं वाक्य तोडत. ते संपल्यावर लेखिकेने प्रत हातात घेतली, सत्त्याण्णवावं पान उघडलं आणि तिसरा भाग वाचायला सुरुवात केली. ‘आई जुनी पत्रं फाडत बसली होती.’ दोन तास वाचत होत्या. थोरली पत्रं हिसकावून घेते आणि बघते, तर ती सगळी तिनेच सासरहून आईला लिहिलेली, मला घेऊन जा म्हणून. आईने एकालाही उत्तर पाठवलं नव्हतं. धाकटी दार आपटून का जाते ते आता कळलं. टेलिफोनताई रडली. शिंपीदादांनी तिला उशीसाठी आणलेल्या कापडाचा तुकडा दिला आणि उरलेला स्वतः घेतला.

वाचन थांबलं तसे मास्तर हळूच म्हणाले, “उत्तम आहे. पण घड्याळजी होता तेव्हा जरा खोली होती.”

“मला हे सगळं आधीच माहीत होतं!” मागच्या रांगेतून सलूनवाला ओरडला. शेजारी त्याचं गिऱ्हाईक, एक गाल तुळतुळीत आणि एक दाढीचा. “म्हातारीनेच केलं असणार असं मी सकाळी म्हटलं होतं!”

मग सगळ्यांची नजर शांततारावांकडे वळली. त्यांनी घसा साफ केला. “नियम तो नियम. एक पान इकडचं तिकडे झालं तर मंडळ बंद. इथे तर अठ्ठेचाळीस झाली.”

“शहाण्णव,” मास्तर म्हणाले. “दोन पुस्तकं.”

“साहेब,” टेलिफोनताईने नाक पुसून मंडळाची वही उघडली, “हे अक्षर कुणाचं? ‘तिसरा भाग संपूर्ण कादंबरीचा प्राण आहे.’”



“आणि ती गुप्तहेरकथा नऊदा परत आली. नऊदा तुम्ही ‘तपासले’ असा शिक्का मारलात.”

शांततारावांनी वही बंद केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “पुढच्या शनिवारी,” ते म्हणाले, “बैठक पाचला सुरू होईल. बाइंडरबाईंनी येताना चष्मा आणावा.”

सही करताना लेखिकेने विचारलं, “सगळ्यांचे प्रश्न झाले. तुमचा राहिला.”

“तो आता तुम्हाला विचारून उपयोग नाही,” बाइंडरबाई लाजून म्हणाल्या. “त्या निरीक्षकाची सर्दी बरी होते का, एवढंच विचारायचं होतं.”

“मग? होते का?”

“दोनशे चाळिसाव्या पानापर्यंत शिंकतोय!” सलूनवाला दारातून म्हणाला. “मी शेवट आधीच बघितला.”

मास्तर त्यानंतर चार वर्षं होते. जाताना त्यांनी वही मंडळाला दिली. तिच्यातला काळावरचा निबंध अजून कपाटात आहे आणि त्यात कुणाला एकही चूक सापडलेली नाही. शिंपीदादांनी मुलाच्या नावे दुकान केलं आणि दुपारी काउंटरखाली पुस्तक धरून वाचायची मुभा मागून घेतली. टेलिफोन आपोआप लागायला लागले तशी टेलिफोनताईची खुर्ची गेली. ती शांततारावांच्या हाताखाली आली आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी बसली. ती कुणालाही ‘शूऽऽ’ करत नाही. शांतताराव निवृत्तीनंतर मंडळात सर्वांत जास्त बोलायचे. सलूनवाला सहावा सभासद झाला आणि दर वेळी तिसरा भागच आधी मागायचा. त्याच्या त्या गिऱ्हाइकाने पुढे दाढीच ठेवली.

सहा वर्षांनी बाइंडरबाईंच्या नावे टपालाने एक पुडकं आलं. लेखिकेची नवी कादंबरी. पत्र नव्हतं. नुसती खूण घातलेली होती, पान सत्त्याण्णववर. तोवर बाइंडरबाईंची नजर अधू झाली होती आणि जाऊबाई वर्षभर टेलिफोनताईकडे बसून अक्षरं जुळवायला शिकल्या होत्या. मत आधीपासून होतंच, फक्त वाचायचं राहिलं होतं. त्यांनीच बोट ठेवून वाचलं.

घर आवरायला आलेल्या कुटुंबाच्या दारात एक परका माणूस उभा असतो. घड्याळाच्या दुकानाचा पत्ता विचारायला आलेला. तो तीनदा शिंकतो. घरातली बाई त्याला आत घेते, चुलीजवळ बसवते, डोक्यावरून पंचा टाकून गरम पाण्याची वाफ देते. तो कोण, कुठला, कुणीच विचारत नाही. सकाळी त्याला मोकळा श्वास येतो आणि तो निघून जातो. पुढे कादंबरीभर त्याचा उल्लेख नाही.

“हा कोण मध्येच?” जाऊबाई म्हणाल्या. “अगं, पुन्हा चुकीची पानं घातलीस की काय?”

“नाही,” बाइंडरबाई म्हणाल्या. त्यांनी पान हातात घेतलं, तळाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि दोन खोल्यांना ऐकू जाईल एवढ्या हसल्या. “याच पुस्तकातली आहेत. पुन्हा वाचा. वाफ देते तिथून.”